माल मिनिटावर, पैसे सवडीवर

चाकणच्या मोठ्या कारखान्यात एखादा सुटा भाग सकाळी सव्वादहाला लाइनीवर चढणार असेल, तर तो साडेनऊला गेटवर हवा. दहाला आणलेला चालत नाही. आठला आणलेलाही चालत नाही, कारण तेव्हा डॉक मोकळा नसतो आणि टेम्पो उभा करायला जागा नसते. माल उशिरा आला आणि लाइन थांबली, तर थांबलेल्या वेळेचा भुर्दंड पुरवठादाराच्या नावावर चढतो, आणि डेबिट नोट निघायला उशीर होत नाही. त्याच मालाचे पैसे मात्र साठ दिवसांनी येतात, नव्वद दिवसांनी येतात, कधी ‘पुढच्या पेमेंट रनला बघू’ म्हणत त्याच्याही पुढे जातात. ज्या कंपनीचं उत्पादन मिनिटांवर चालतं, तिचं बिलांचं खातं तिमाहीवर चालतं. याला गलथानपणा म्हणणं म्हणजे त्या कंपनीला सवलत देणं आहे. हा पूर्ण विचार करून केलेला व्यवहार आहे. सप्लाय चेन मॅनेजमेंट या भारदस्त नावाखाली आपल्याकडे जे चालतं, त्यातला मोठा वाटा लहान कारखानदाराच्या पैशावर मोठ्या कारखान्याचं चाक फिरवण्याचा आहे.

साठा गेला कुठे?

‘जस्ट इन टाइम’ ही पद्धत जपानच्या टोयोटाची. ताइची ओनो या अभियंत्यानं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ती कारखान्याच्या जमिनीवर घडवली. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच, लागेल तिथे. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकानं फळीवरची वस्तू उचलली की तेवढीच पुन्हा भरली जाते, या रीतीवरून त्यांनी कारखान्यातली देवाणघेवाण बसवली. पुढच्या टप्प्यानं माल उचलला की कानबान नावाचं कार्ड मागच्या टप्प्याला सांगतं : आता एवढं बनव. ओनोंनी कारखान्यातली नासाडी सात प्रकारांत मांडली आणि नको तेवढं उत्पादन ही त्यातली सगळ्यांत वाईट मानली. ढिगाऱ्यानं पडलेला माल चुका झाकतो, जागा अडवतो आणि पैसा गोठवतो. हे सगळं खरं आहे आणि जगानं ते अनुभवानं मान्य केलं आहे.

पण टोयोटाच्या पद्धतीला एक पाया आहे. महिन्याचं उत्पादन दिवसादिवसांवर समान वाटायचं, आज हजार आणि उद्या तीनशे असे हेलकावे येऊ द्यायचे नाहीत. जपानी लोक याला हेइजुन्का म्हणतात. मुख्य कारखाना स्वतःला शिस्त लावतो, म्हणून पुरवठादाराला कमी साठ्यात काम करता येतं. आपल्याकडे एक तारखेला शेड्यूल येतं, दहा तारखेला बदलतं, वीस तारखेला पुन्हा बदलतं आणि शेवटच्या चार दिवसांत महिन्याभराची विक्री गाठायची म्हणून रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या सकाळी दोनशे सेट पाहिजेत’ असा निरोप येतो. हा निरोप पुरा करायचा, तर पुरवठादारापुढे एकच मार्ग उरतो : आधीच बनवून ठेवायचं. म्हणजे जो साठा मोठ्या कारखान्यातून हद्दपार झाला, तो भोसरीच्या दोन हजार चौरस फुटांच्या शेडमध्ये, मशिन आणि भिंत यांच्या मधल्या बोळात क्रेटवर क्रेट चढवून उभा आहे. साठ्याचा फक्त पत्ता बदलला. मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदातून तो गेला आणि लहानाच्या कॅश क्रेडिटवर जाऊन बसला.

काही कंपन्या आणखी पुढे गेल्या आहेत. कारखान्याजवळच्या गोदामात पुरवठादारानं स्वतःच्या भाड्यानं माल भरून ठेवायचा. कंपनी हवा तेव्हा उचलेल. उचलेपर्यंत माल पुरवठादाराचा, त्याच्यावरची धूळ आणि गंजही पुरवठादाराचा. लाइनीवर लागला की मग बिल, आणि मुदत त्या बिलापासून मोजायची. गोदामात माल दीड महिना पडून राहिला तर तो दीड महिना कुठल्याही हिशेबात धरला जात नाही.

तारखेचा खेळ

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी मालकाच्या टेबलाशी बसून त्यांची वही पाहिली. दोन सीएनसी टर्निंग सेंटर, एक ड्रिलिंग मशिन, सात कामगार. वहीत प्रत्येक बिलासमोर चार तारखा होत्या. पहिली, टेम्पो निघाल्याची. दुसरी, कंपनीच्या गेटवर इनव्हॉइसच्या प्रतीवर शिक्का पडल्याची. तिसरी, स्टोअरनं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केल्याची. चौथी, पैसे आल्याची. गेटचा शिक्का आणि जीआरएन यांच्यात कुठे चार दिवस होते, कुठे नऊ, एका ठिकाणी सतरा. त्या सतरा दिवसांत कंपनीच्या पोर्टलवर त्या मालापुढे ‘तपासणी सुरू’ असं दिसत होतं. प्रत्यक्षात तो माल आला त्याच दुपारी लाइनीवर लागून गाडीत बसला होता आणि ती गाडी बहुधा कुठल्यातरी शोरूमकडे रवानाही झाली होती. देयकाची मुदत मात्र जीआरएनपासून मोजली जाणार होती.

मालकांनी गेटचा शिक्का असलेल्या सगळ्या प्रती फाइलला लावून ठेवल्या आहेत. ‘कधी लागल्याच तर असाव्यात,’ म्हणाले. ‘तक्रार केली का?’ असं विचारल्यावर त्यांनी फाइल बंद केली आणि कारखान्यातल्या सात जणांकडे हात केला. त्यांच्या एकूण कामापैकी निम्म्याहून जास्त काम त्या एकाच कंपनीचं आहे.

आता साधा हिशेब करू. समजा, अशा कारखान्याचं महिन्याचं बिल दहा लाखांचं आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११ लाख ८० हजार. नव्वद दिवसांची उधारी म्हणजे कायम तीन बिलं बाहेर, ३५ लाख ४० हजार अडकलेले. कॅश क्रेडिटला वर्षाला १२ टक्के व्याज धरलं, तर दरमहा ३५,४०० रुपये, वर्षाला सव्वाचार लाखांच्या घरात. वर्षाची करपूर्व विक्री एक कोटी वीस लाख. म्हणजे विक्रीच्या साडेतीन टक्के रक्कम निव्वळ वाट पाहण्यात गेली. सहा टक्के नफ्यावर चालणाऱ्या कारखान्याचा निम्म्याहून अधिक नफा बँकेत जातो, आणि तोही दुसऱ्याच्या खेळत्या भांडवलाची सोय करण्यासाठी.

त्यात कामगाराचा पगार सात तारखेला द्यावा लागतो. वीजबिल थकलं तर जोडणी तुटते. पोलाद बऱ्याचदा रोखीनं किंवा आगाऊ पैशानं घ्यावं लागतं, कारण पोलाद विकणाराही मोठाच असतो. जीएसटी तर पैसे मिळोत न मिळोत, कच्च्या मालावरचं क्रेडिट वजा करून पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. सरकार लहान कारखानदाराकडून त्या रकमेवरचा कर घेतं, जी त्याच्या खात्यात आलेलीच नाही. आणि बँका सहसा ९० दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे कर्ज उचलण्याच्या मर्यादेत, धरत नाहीत. गिऱ्हाइकानं जितका उशीर करावा, तितकं बँकेचं कर्जही आटत जातं. दोन्ही बाजूंनी कात्री.

जपानचं अर्धं पुस्तक

आपल्याकडच्या परिषदांत कानबान, कायझेन, फाइव्ह एस या शब्दांची पखरण असते. पुण्या-नाशिकचे व्यवस्थापक टोयोटा सिटीला जाऊन येतात आणि परतल्यावर पुरवठादारांच्या बैठकीत स्लाइड दाखवतात. त्या स्लाइडमध्ये जपानचा एक कायदा कधी नसतो.

१९५६ साली जपाननं कंत्राटी कामाचे पैसे देण्यातला विलंब रोखण्याचा स्वतंत्र कायदा केला. मोटार उद्योग अजून बाळसं धरत होता, ‘जस्ट इन टाइम’ हे नाव टोयोटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा. काम देताना लेखी ऑर्डर, तिच्यात रक्कम आणि पैसे देण्याची तारीख, हे या कायद्यानं बंधनकारक केलं. माल हातात पडल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांत पैसे. तपासणी झाली की नाही, याच्याशी मुदतीचा संबंध नाही. उशीर झाला तर वर्षाला १४.६ टक्के व्याज. ठरलेला दर नंतर कापायचा नाही, कारण नसताना माल परत करायचा नाही, बाजारभावापेक्षा फारच कमी दर लादायचा नाही, आणि तक्रार केली म्हणून काम काढून घ्यायचं नाही, असे मनाई केलेले प्रकार कायद्यात वाढत गेले.

खरी मेख पुढे आहे. या कायद्याची अंमलबजावणी जपानच्या फेअर ट्रेड कमिशनकडे आणि लघुउद्योग खात्याकडे आहे, आणि त्यांना तक्रारीची वाट पाहावी लागत नाही. ते दरवर्षी मोठ्या संख्येनं मोठ्या कंपन्यांना आणि त्यांच्या पुरवठादारांना लेखी प्रश्नावली पाठवतात. पैसे कधी मिळाले, दर कुणी कापला, माल परत आला का? उत्तरांत गडबड दिसली की तपास सुरू होतो, आणि कुणी तोंड उघडलं हे कंपनीला कळण्याचं कारण उरत नाही. मार्च २०२४ मध्ये या कमिशननं निस्सानवर जाहीर ठपका ठेवला. ३६ पुरवठादारांच्या देय रकमांतून सुमारे तीन अब्ज येन बेकायदा कापून घेतल्याचं प्रकरण होतं. निस्साननं ते पैसे परत केले. जगातल्या बड्या मोटार कंपन्यांपैकी एकीचं नाव देशाच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं, आणि त्यासाठी एकाही लहान कारखानदाराला पुढे येऊन छाती काढावी लागली नाही.

जपानमध्ये रामराज्य आहे, असं मी म्हणत नाही. साठ दिवसांच्या आत पैशांऐवजी लांब मुदतीची हुंडी टेकवायची, ही पळवाट तिथे वर्षानुवर्षं चालली. पण ती पळवाटही २०२५ साली सुधारलेल्या आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या कायद्यानं बुजवली : हुंडीनं पैसे देण्यावर बंदी, आणि पुरवठादारानं दरवाढीची चर्चा मागितली असताना एकतर्फी दर ठरवण्यावरही बंदी. सत्तर वर्षं ते हा कायदा वापरत आहेत आणि भोक दिसलं की बुजवत आहेत. आपण कानबानचं कार्ड तेवढं आणलं आणि कायदा विमानतळावरच ठेवून आलो.

काही तासांचा साठा आणि वर्षानुवर्षांचा विश्वास

‘हे नैतिकतेचं झालं, धंद्याचं बोला,’ असं म्हणणाऱ्यांसाठी धंद्याचंच उदाहरण देतो. १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे जपानमधल्या कारिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा दाब सांभाळणारा पी-व्हॉल्व्ह नावाचा एक छोटा भाग बनायचा. टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे पी-व्हॉल्व्ह याच एका जागेतून जात, आणि साठा होता काही तासांचा. टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थांबले. जाणकारांनी कित्येक आठवड्यांचं नुकसान भाकित केलं.

कारखाने आठवडाभरात पूर्वपदावर आले. आयसिननं आराखडे वाटले. ज्यांनी हा भाग आयुष्यात बनवला नव्हता, अशा साठाहून अधिक कंपन्यांनी आणि त्यांच्यामागच्या कितीतरी लहान वर्कशॉपनी मशिन रिकामी करून तो बनवायला घेतला. शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर ही कंपनीही त्यांत होती. यातला सगळ्यांत महत्त्वाचा तपशील असा, की कामाला हात घालण्याआधी दर ठरवायला कुणी थांबलं नाही. पैसे कोण देणार, किती देणार, हे नंतर पाहू, असं सगळ्यांनी धरलं. आणि नंतर पाहिलंही गेलं : आयसिननं या कंपन्यांचा प्रत्यक्ष खर्च भरून दिला, आणि टोयोटानं आपल्या थेट पुरवठादारांना, त्यांनी जानेवारी ते मार्चमध्ये टोयोटाला केलेल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम आभारादाखल वेगळी दिली.

आता मनात हाच प्रसंग आपल्या औद्योगिक पट्ट्यात घडवून पाहा. चाकणच्या एखाद्या कंपनीचा एकमेव पुरवठादार जळाला. कंपनीनं भोसरी, रांजणगाव, वाळूज, अंबडच्या लहान कारखानदारांना फोन केले, ‘आराखडा पाठवतो, आज रात्रीपासून बनवा, दराचं नंतर बोलू.’ ज्याची मागची तीन बिलं अडकली आहेत, तो माणूस पहिला प्रश्न काय विचारेल? तो आगाऊ रक्कम मागेल, आणि त्यानं मागितलीच पाहिजे. संकटात पुरवठा साखळी किती लवकर उभी राहते, हे सॉफ्टवेअरवर ठरत नाही. मागच्या पाच वर्षांत बिलं कधी चुकती झाली, यावर ते ठरतं. ज्यानं नव्वद दिवस ताटकळत ठेवलं, त्याच्यासाठी कुणी रात्र जागवत नाही.

चिपच्या टंचाईतही हेच दिसलं. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर टोयोटानं आपली साखळी तळापर्यंत तपासली आणि मोक्याच्या सुट्या भागांचा, विशेषतः चिपचा, काही महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा, असं ठरवलं. २०२१ मध्ये जगभरचे मोटार कारखाने चिपअभावी बंद पडू लागले तेव्हा सुरुवातीचे काही महिने टोयोटा इतरांपेक्षा तग धरून होती. रॉयटर्सच्या तेव्हाच्या वृत्तानुसार, हा साठा सांभाळण्याच्या बदल्यात पुरवठादारांना वार्षिक दरकपातीतली काही रक्कम परत मिळण्याची सोय होती. साठा सांगितला, तर त्याचा भारही वाटून घेतला. आपल्याकडे साठा ठेवायला सांगतात आणि त्याच वर्षी दर दोन-तीन टक्क्यांनी उतरवायलाही सांगतात.

कायदा आपलाही आहे, जपानपेक्षा कडक

आपल्याकडे कायदाच नाही, असं कुणी समजू नये. १९९३ साली लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांवर व्याज लावणारा कायदा झाला. त्याच्या जागी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आला. त्याचं १५ वं कलम सांगतं : सूक्ष्म आणि लघुउद्योगाला लेखी करार असेल तर कराराच्या तारखेला, पण कुठल्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्या. करार नसेल तर १५ दिवसांत. माल स्वीकारल्याचा दिवस म्हणजे प्रत्यक्ष पोचवल्याचा दिवस. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारलाच, असं कायदा धरतो. जीआरएन कधी झालं, याला इथे कवडीची किंमत नाही.

१६ वं कलम उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लावतं, तेही दरमहा चक्रवाढीनं. २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. हे व्याज प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. लघुउद्योगाच्या बाजूनं निवाडा झाला आणि कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. साठाच्या जागी पंचेचाळीस दिवस, १४.६ च्या जागी २०२४ च्या दरानं २०.२५ टक्के. कागदावर आपण जपानच्या पुढे आहोत.

मग घोडं पेंड कुठे खातं? मांजराच्या गळ्यात घंटा उंदरानं बांधायची, असं आपल्या कायद्यानं ठरवलं आहे. थकलेल्या पैशांचा निवाडा करणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज पुरवठादारानं करायचा. २०१७ साली ‘समाधान’ हे पोर्टल आलं, तिथेही तक्रार त्यानंच त्याच्या नावानिशी टाकायची. नव्वद दिवसांत निकाल लागावा, असं कायदा म्हणतो. निकाल लागेपर्यंत ऑर्डर चालू राहील याची हमी मात्र कुणीच देत नाही. त्यामुळे तक्रारी कोण करतो? ज्याचा त्या कंपनीशी धंदा आधीच तुटला आहे तो. चालू पुरवठादार गप्प राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्यालाच कंपनी ‘आमचे पुरवठादार समाधानी आहेत’ असं नाव देते.

‘ट्रेड्स’चंही तसंच. बिल ऑनलाइन मंचावर चढवायचं, बँकांनी बोली लावायची, पुरवठादाराला दोन-तीन दिवसांत पैसे आणि मुदत संपल्यावर कंपनी बँकेला पैसे देणार. कल्पना उत्तम आहे. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणं सरकारनं सक्तीचं केलं. पण बिल मंचावर पुढे सरकतं ते कंपनीनं ‘मान्य’ म्हटल्यावर. नोंदणी सक्तीची केली, ‘मान्य’ म्हणणं मर्जीवर सोडलं. दार बसवलं आणि कडी कंपनीच्या हातात दिली.

कुणीतरी दुसऱ्यानं विचारलं की पैसे हलतात

या सगळ्यात एकच उपाय टोचला. २०२३ च्या वित्त कायद्यानं प्राप्तिकराच्या ४३ बी कलमात ‘एच’ हे पोटकलम घातलं आणि ते कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालं. सूक्ष्म-लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरता येणार नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरा. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये कंपन्यांचे मेल धडाधड सुटले : तुमची उद्यम नोंदणी आहे का, सूक्ष्म की लघु, प्रमाणपत्र पाठवा. वर्षानुवर्षं ज्यांना आपला पुरवठादार लहान आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांना ते एका पंधरवड्यात कळलं. कारण आता प्रश्न सीए विचारणार होता.

काहींनी यातूनही आडवाट काढली. ‘उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो,’ असे दबाव आल्याच्या तक्रारी तेव्हा उघडपणे झाल्या. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी कलम पुढे ढकलण्याची मागणीही केली. कलमातही त्रुटी आहेत : मध्यम उद्योग त्यात येत नाहीत, आणि त्याचा धाक मुख्यतः ३१ मार्चच्या आसपास जाणवतो. तरी धडा लख्ख आहे. विचारणारा पुरवठादार नसेल, दुसरा कुणी असेल, तर पैसे हलतात.

मग तो दुसरा कुणीतरी वर्षभर का असू नये? सरकारच्या हातात माहिती आधीच आहे. प्रत्येक बिलाची तारीख जीएसटीच्या जीएसटीआर-१ विवरणात जाते. खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये ती दिसते. पाच कोटींवरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. कंपन्या ४५ दिवसांपुढच्या थकबाकीचं एमएसएमई-१ हे विवरण २०१९ पासून दर सहा महिन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरतात. या नोंदी एकमेकींशी ताडून पाहणारा अधिकारी नेमा. दरवर्षी मोठ्या कंपन्यांच्या काही हजार पुरवठादारांना गोपनीय प्रश्नावली पाठवा. आणि प्रत्येक मोठी कंपनी सरासरी किती दिवसांत पैसे देते, हे सर्वांना पाहता येईल असं छापा. ब्रिटननं २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना ही माहिती वर्षातून दोनदा जाहीर करायला लावली आहे. तिथला लहान पुरवठादार ऑर्डर घेण्याआधी समोरच्याची पत बघू शकतो. आपल्या भोसरीच्या कारखानदारानं त्यासाठी चहाच्या टपरीवरच्या गप्पांवर का विसंबावं?

वर्गात काय शिकवतात

दोष खरेदी खात्यातल्या पोरांवर ढकलून चालणार नाही. त्यांना बढती ज्या आकड्यांवर मिळते, ते आकडे वर ठरतात. व्यवस्थापनाच्या वर्गात कॅश कन्व्हर्जन सायकल शिकवतात : साठ्याचे दिवस अधिक येण्याचे दिवस, वजा देण्याचे दिवस. देण्याचे दिवस वाढले की आकडा सुधारतो आणि विद्यार्थ्याला गुण मिळतात. हा आकडा शून्याखाली नेला म्हणून डेल कंपनीचं उदाहरण नव्वदच्या दशकापासून वर्गावर्गांत दिलं जातं. ‘देण्याचे दिवस’ या सदरात ज्याचे दिवस मोजले जातात, तो सात कामगारांचा कारखाना असू शकतो, हे मात्र फळ्यावर कुणी लिहीत नाही. पुण्यातल्या व्यवस्थापनाच्या कॉलेजांना माझी विनंती आहे : पोरांना मोठ्या कारखान्यात इंटर्नशिपला पाठवता तसं एक महिना लहान पुरवठादाराच्या हिशेबाच्या टेबलावर बसवा. ऑपरेशन्स त्यांना तिथे खऱ्या अर्थानं कळेल.

लहान कारखानदारांनाही एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी तितक्याच कळकळीनं सांगतो. वरून आलेला उशीर तुम्ही खाली ढकलू नका. प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला, टूलरूमवाला आणि रोज तुमचा माल घेऊन तळेगाव-चाकण रस्त्याच्या कोंडीत अडकणारा टेम्पोवाला, हे सगळे तुमचे पुरवठादार आहेत. ‘वरून आले की देतो’ हे वाक्य त्यांनीही हजार वेळा ऐकलं आहे. साखळीच्या शेवटच्या टोकाला कंत्राटी कामगार उभा आहे, आणि त्याला पुढे ढकलायला कुणीच नाही. तुमच्या संघटनेनं थकबाकीदार कंपन्यांविरुद्ध सामूहिक अर्ज करावा, म्हणजे एकट्याचं नाव पुढे येणार नाही. आणि गेटच्या शिक्क्याची प्रत जपा. कायद्याच्या दृष्टीनं माल पोचल्याचा तो तुमचा सगळ्यांत पक्का पुरावा आहे.

आणि मोठ्या कंपन्यांच्या संचालकांनो, तुम्हाला कायद्याची, प्रश्नावलीची, अधिकाऱ्याची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या ईआरपीत एक यादी काढा : सूक्ष्म आणि लघु पुरवठादार, गेटच्या तारखेपासून ४५ दिवसांपुढची सगळी बिलं. जीआरएनची तारीख त्यात घेऊ नका. ती रक्कम तुमच्या रोजच्या बँक शिलकीशेजारी ठेवून पाहा. बहुतेक कंपन्यांना ती एका दिवसात फेडता येईल. फेडा. त्यावर झालेलं व्याज कायद्याप्रमाणे मोजून द्या. आणि पुढच्या महिन्यापासून खरेदीप्रमुखाच्या मूल्यमापनात दरकपातीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना घाला : किती बिलं वेळेवर दिली. मालाला मिनिटाचा उशीर झाला तर दंड लावणारी यंत्रणा तुमच्याकडे आहेच. पैशाला दिवसाचा उशीर झाला, तर तीच यंत्रणा स्वतःवर चालवा.